मुठीच्या आत काय आहे? कमी बजेटमध्ये पहिली कामाची तलवार निवडताना

पाण्याने भरलेल्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या कापून झाल्या होत्या. तिसरीवर वार केला आणि हात एकदम हलका झाला. बाटली जागच्या जागी, माझ्या हातात नुसती मूठ, आणि पातं सात-आठ पावलांवर गवतात तिरकं रुतलेलं. ते ज्या दिशेला गेलं तिकडे कुणी उभं नव्हतं. यात माझी काळजी काहीच नव्हती, निव्वळ नशीब होतं.

घरी आल्यावर मूठ उघडली. बाहेरून आरशासारखं चमकणारं ते रुंद पातं आत एका पेन्सिलीहून बारीक सळईला वेल्डिंगने जोडलं होतं आणि जोडावरच तुटलं होतं. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग ताज्या चांदीसारखा होता, उरलेला अर्धा तपकिरी, गंजका. म्हणजे तडा जुनाच होता; कदाचित माझ्याकडे येण्याआधीपासूनचा. पहिल्या दोन बाटल्या मी अर्ध्या तुटलेल्या तलवारीने कापल्या होत्या. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच.

विक्रेत्याने खोटं सांगितलं होतं असंही नाही. ‘शोभेची’ असा शब्द वर्णनात कुठेतरी खाली होता. मी वाचला नाही, कारण मी मुठीवरची नक्षी बघत होतो.

तलवार घेताना डोळे ज्यावर जातात त्या सगळ्या गोष्टी, म्हणजे चमक, नक्षी, म्यान, गोंडे, तिच्या कामाच्या नसतात. कामाच्या दोन गोष्टी दिसतच नाहीत: पोलादाला पाणी कसं दिलंय, म्हणजे ते तापवून-गार करून कठीण कसं केलंय, आणि मुठीच्या आत पातं कसं बसवलंय. बजेट कमी असलं की हे आणखी महत्त्वाचं होतं, कारण स्वस्त तलवारीत काटकसर नेमकी न दिसणाऱ्या जागी केलेली असते.

आधी काम ठरवा

‘कामाची तलवार’ म्हटलं की पुढचा प्रश्न: कुठल्या कामाची? ढोबळमानाने कामं तीन, आणि तिन्हींना एकच तलवार चालत नाही.

पहिलं, एकट्याने हातवारे आणि पवित्रे घोटणं. याला धार लागत नाही. वजन आणि तोल खऱ्यासारखा लागतो आणि मूठ पक्की लागते. इआइदोमध्ये, म्हणजे म्यानातून तलवार उपसण्याच्या जपानी कलेत, यासाठी इआइतो नावाची तलवार वापरतात. तिचं पातं बहुधा ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. हुबेहूब कताना, म्हणजे जपानी बाकदार तलवार, दिसते, पण तिला धार लावता येत नाही आणि कशावर मारली तर ती मोडते. पवित्र्यांसाठी उत्तम, बाकी कशासाठीच नाही.

दुसरं, जोडीदाराबरोबर खेळणं. इथे बोथट पातं हवं: कड साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाड, टोक गोल केलेलं किंवा वळवून दुमडलेलं, आणि भोसकल्यावर समोरच्याच्या छातीत न घुसता कमानीसारखं वाकणारं. युरोपीय पद्धतीच्या सरावात वापरतात ती ‘फेडर’ अशीच असते; पातं अरुंद आणि लवचिक, मुठीपाशी मात्र रुंद. या कामासाठी पैसे जमवत असाल तर आधी मास्क आणि जाड हातमोजे घ्या, तलवार नंतर. बोथट पोलादसुद्धा बोटाचं हाड मोडतं. शिवाय सुरुवातीचे काही महिने लाकडी किंवा नायलॉनची तलवारही पुरते. बऱ्याच जणांना त्या काळात कळतं की आपल्याला लांब तलवार नव्हे, ढालीबरोबरची आखूड तलवारच आवडते. चुकीचा नाद स्वस्तात फिटतो.

तिसरं, कापणं. भिजवलेल्या चटईच्या वळकट्या, पाण्याच्या बाटल्या, कागदाची भेंडोळी. इथे धारदार पातं लागतं, आणि पुढचं बहुतेक लिखाण याच तलवारीबद्दल आहे, कारण फसगत इथेच जास्त होते.

धारदार तलवार जोडीदाराबरोबर खेळायला वापरायची नाही, अगदी ‘हळूहळू’सुद्धा नाही. उलट, बोथट तलवार घासून धारदार करू म्हणाल तर तेही जमत नाही. बोथट पात्याची कड मुळातच जाड असते. ती पातळ करायची तर अख्खं पातं तासावं लागतं, आणि यंत्रावर तासताना पातं तापलं तर त्याचं पाणी उतरतं ते वेगळंच.

स्टेनलेस का नको

स्टेनलेस म्हणजे वाईट पोलाद, असं मुळीच नाही. सुरीसाठी ते छान. पण सुरी वीतभर असते आणि दाबून, ओढून कापते. तलवारीचं पातं सत्तर-ऐंशी सेंटीमीटर लांब असतं, ते वेगाने फिरतं आणि आदळतं. आदळण्याचा झटका सगळ्या पात्यातून लहरीसारखा धावतो.

पोलाद न गंजण्यासाठी त्यात किमान साडेदहा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम लागतं. हे क्रोमियम कार्बनशी जुळून कठीण कण बनवतं आणि ते कण पोलादाच्या रवाळ रचनेत, बरेचदा दोन रव्यांच्या सीमेवर, गोळा होतात. तडा जायला ती सोयीची वाट. सुरीला हा दोष जाणवत नाही, लांब पात्याला महागात पडतो. शोभेच्या तलवारी बहुधा ४२० किंवा ४४० नावाच्या स्टेनलेसच्या असतात. पुसल्या की चकचकीत, भिंतीवर वर्षानुवर्षं न गंजता राहतात. त्या भिंतीसाठीच केलेल्या असतात आणि तिथे त्या शोभतात. चिवट स्टेनलेसच्या चांगल्या तलवारीही बनतात, पण त्या कमी बजेटच्या टप्प्यात येत नाहीत. तेव्हा पहिल्या तलवारीपुरता नियम सोपा: वर्णनात ‘स्टेनलेस’ दिसलं की पुढे चला. आणि पोलादाचं नावच दिलं नसेल, नुसतं ‘उच्च दर्जाचं पोलाद’ असेल, तरी पुढे चला.

आकड्यांची भाषा

कार्बन पोलादाच्या वर्णनात १०४५, १०६०, १०९५ असे आकडे येतात. ते दर्जाचे गुण नव्हेत, हे आधी लक्षात घ्या. पहिले दोन अंक, १०, म्हणजे साधं कार्बन पोलाद. शेवटचे दोन म्हणजे कार्बन किती: १०४५ मध्ये सुमारे ०.४५ टक्के, १०६० मध्ये ०.६०, १०९५ मध्ये ०.९५. कार्बन जास्त तितकं पोलाद जास्त कठीण होऊ शकतं आणि धार जास्त टिकते. पण पाणी देताना चूक झाली तर तितकंच ठिसूळही होतं. १०९५ हे १०४५ च्या दुपटीहून चांगलं, हे गणित इथे चालत नाही. स्वस्त १०९५ पेक्षा नीट पाणी दिलेलं १०६० मी डोळे मिटून घेईन.

५१६० आणि ९२६० ही स्प्रिंगची पोलादं. ५१६० मध्ये थोडं, म्हणजे पाऊण-एक टक्क्याच्या आसपास, क्रोमियम असतं. गाड्यांच्या पाट्यांच्या स्प्रिंगा याच जातीच्या पोलादाच्या असतात. ९२६० मध्ये सुमारे दोन टक्के सिलिकॉन असतं. दोन्ही चिवट, वाकून परत सरळ होणारी. नवशिक्याच्या चुका पोटात घालायला अशी पोलादं बरी. टी-१० नावाचं एक हत्यारांचं पोलादही कतानांमध्ये दिसतं. त्यात कार्बन एक टक्क्याच्या आसपास, म्हणून १०९५ ला जे लागू तेच त्यालाही.

‘दमास्कस’, ‘हजार घड्यांचं पोलाद’ यांवर पहिल्या खरेदीत पैसे घालवू नका. जुन्या काळी भट्टीतून निघणारं पोलाद एकसारखं नसायचं. कुठे कार्बन जास्त, कुठे मळी अडकलेली. ते तापवून, दुमडून, ठोकून एकजीव करावं लागायचं. आजचं पोलाद कारखान्यातून एकजीवच येतं. त्याला घड्या घालून नक्षी सुंदर निघते, पण प्रत्येक घडी म्हणजे एक सांधा, आणि घाईत केलेला सांधा म्हणजे एक लपलेली फट. चांगला कारागीर हे निर्दोष करतो, आणि त्याचे पैसे घेतो. स्वस्त दमास्कस पाहिलं की मला ती गंजकी सळई आठवते.

पाणी देणं

मराठीत हत्याराला ‘पाणी देतात’, आणि तलवारीचं निम्मं शास्त्र या दोन शब्दांत आहे.

पोलाद आठशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवलं की त्याची आतली रचना बदलते. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं, म्हणून लोहार तापलेल्या पात्याला चुंबक लावून अंदाज घेतात. मग ते तेलात किंवा पाण्यात बुडवून झटकन गार करायचं. कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो रचनेत अडकून बसतो आणि पोलाद प्रचंड कठीण होतं. इतकं, की हातातून फरशीवर पडलं तर काचेसारखं तडकू शकतं. म्हणून ते पुन्हा तापवायचं, या वेळी दोनशे ते चारशे अंशांच्या दरम्यान, आणि तिथे काही वेळ ठेवायचं. थोडा कठीणपणा जातो, चिवटपणा येतो. हे टेम्परिंग. किती द्यायचं आणि किती काढून घ्यायचं, या हिशेबात तलवार बनते किंवा बिघडते. पोलादाचा आकडा तोच असूनही एक पातं वाकून परत येतं, दुसरं वाकलेलंच राहतं आणि तिसरं तुटतं, त्याचं कारण हेच.

कठीणपणा रॉकवेल सी या मापात सांगतात. एकसारखं पाणी दिलेल्या तलवारीचा आकडा साधारण ४८ ते ५४ च्या आसपास असला की ठीक. स्वयंपाकघरातल्या चांगल्या सुऱ्या याहून कठीण असतात, म्हणून ‘आमची तलवार ६० रॉकवेल’ अशी जाहिरात वाचून हुरळून जाऊ नका. लांब पातं सगळंच्या सगळं तेवढं कठीण असेल तर ते धोक्याचं आहे.

सगळंच्या सगळं हे शब्द महत्त्वाचे, कारण कतानाची रीत वेगळी. तिच्यात पाठीवर मातीचा जाड लेप देतात, धारेवर पातळ. बुडवल्यावर धार झटकन गार होऊन कठीण होते, साठच्या आसपास. पाठ सावकाश गार होऊन मऊ राहते, चाळीस किंवा त्याहून कमी. दोन्हींच्या सीमेवर जी धुक्यासारखी लाट उमटते ती ‘हामोन’. दिसते अप्रतिम. स्वस्त तलवारींवर हीच लाट आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने नुसती रंगवलेलीही असते. खरी हामोन प्रकाशात पातं फिरवलं की खोल, कणीदार दिसते. रंगवलेली सगळीकडून सारखीच पांढुरकी, आणि जरा पॉलिश केली की पुसट होते.

पहिल्या तलवारीसाठी मात्र मी खऱ्या हामोनवाल्या पात्यापेक्षा एकसारखं पाणी दिलेलं पातं सुचवेन. कारण नवशिक्याची धार वाराच्या रेषेत नसते. मनगट जरासं वळलं की पातं तिरकं आदळतं आणि बाजूला वाकतं. एकसारखं पाणी दिलेलं स्प्रिंग पोलाद झटकन पूर्ववत होतं; मऊ पाठीची कताना वाकलेलीच राहते आणि ती सरळ करून घ्यायला जाणकार शोधावा लागतो. कतानाच हवी असा हट्ट असेल तर ९२६० किंवा ५१६० च्या, हामोन नसलेल्या कताना मिळतात. परंपरेचे भक्त नाक मुरडतील. मुरडू दे.

मुठीच्या आत

मूठ नसलेली कानस पाहिली असेल तर तिच्या मागे निमुळतं शेपूट दिसतं, जे लाकडी मुठीत ठोकतात. तलवारीच्या पात्यालाही असं शेपूट असतं. त्याला टँग म्हणतात. वार करताना टोकाशी बसणारा धक्का सत्तर-ऐंशी सेंटीमीटरच्या तरफेने वाढून नेमका पातं संपतं आणि टँग सुरू होतो तिथे येऊन आदळतो. तलवार तुटते ती बहुतेक तिथेच.

म्हणून विचारायच्या गोष्टी अशा. टँग पात्याच्या त्याच सलग तुकड्यातून काढलाय की मागून वेल्ड केलाय? रुंदी किती? आणि पात्याचे खांदे टँगला मिळतात तो कोपरा गोलसर आहे की काटकोनात कापलेला? शेवटचा प्रश्न फार कुणी विचारत नाही, पण काटकोनाच्या कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. ज्याला पातं बनवण्यातलं कळतं तो विक्रेता या प्रश्नावर खूश होतो. ज्याला कळत नाही तो ‘फुल टँग आहे सर’ एवढंच पुन्हा सांगतो. ‘फुल टँग’ या शब्दांवर विसंबू नका. सळई शेवटपर्यंत गेली की काही जण तिलाही फुल म्हणतात.

टँग मुठीत अडकवण्याच्या रीती वेगवेगळ्या. युरोपीय तलवारीत तो मुठीच्या टोकाच्या गोळ्यातून, म्हणजे पॉमेलमधून, बाहेर काढून ठोकून रिव्हेटसारखा चपटा करतात. किंवा त्याला आटे पाडून नटाने आवळतात. पहिली रीत जास्त टिकाऊ, पण सैल झाली तर घरी काही करता येत नाही. दुसरी घरी पाना घेऊन आवळता येते, मात्र आटे पाडलेला भाग टँगला वेगळा जोडलेला नसावा. कतानात बांबूची एक किंवा दोन मेखं मुठीतून आणि टँगच्या भोकातून आरपार जातात. इतकंसं बांबू पातं धरून ठेवतं हे पहिल्यांदा ऐकून पटत नाही. पण मूठ टँगवर घट्ट बसलेली असेल तर मेखेवर फारसा भार येत नाही. मूठ सैल असेल तर मात्र सगळा भार मेखेवर. भारतीय तलवारीत लोखंडी मुठीच्या पोकळीत लाखेचा चिकट मसाला भरून, तापवून त्यात टँग बसवतात. जुन्या तलवारींत हा मसाला सुकून भुगा झालेला असतो. तेवढ्यासाठी, आणि त्या ऐतिहासिक वस्तू आहेत म्हणूनही, जुन्या तलवारीने काहीही कापू नये.

जड म्हणजे मजबूत नव्हे

नवशिक्यांचा सगळ्यात आवडता गैरसमज. ऐतिहासिक एकहाती तलवारी बहुधा एक ते सव्वा किलोच्या. दोन्ही हातांनी धरायची युरोपीय लाँगस्वोर्ड साधारण १.२ ते १.६ किलो. कताना एक ते सव्वा किलोच्या आसपास. दोन-अडीच किलोची ‘खरीखुरी’ एकहाती तलवार कुणी देऊ केली तर ती तलवार नाही, पहार आहे.

स्वस्त तलवारी जड का होतात? पट्टी कापून तिच्या दोन्ही बाजूंना उतार दिला की पातं दिसायला तयार होतं. पण खरं पातं मुठीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं, उदाहरणार्थ मुठीपाशी सहा मिलिमीटर तर टोकाजवळ दोन-तीन. हा उतार काढायला वेळ लागतो, कारागिरी लागते, आणि फोटोत तो दिसत नाही. म्हणून स्वस्तात तो गाळतात. मग सगळी जाडी टोकापर्यंत तशीच जाते, तलवार हातात पुढे झुकते, फिरवल्यावर थांबत नाही. पात्याच्या मधली पन्हळही वजन कमी करायलाच असते. ‘रक्त वाहून जाण्यासाठी’ ही नुसती कथा.

वर्णनात दोन आकडे शोधा: वजन आणि तोलबिंदू, म्हणजे तलवार बोटावर आडवी तोलून राहते ती जागा. गार्डपासून, म्हणजे हात वाचवणाऱ्या मुठीवरच्या आडव्या पट्टीपासून, ती आठ ते पंधरा सेंटीमीटरवर असली की बहुतेक प्रकारांत ठीक. कापणाऱ्या तलवारीत थोडी पुढे, भोसकणारीत मागे. तिसरा आकडा, पात्याची मुठीपाशी आणि टोकापाशी जाडी, कुणी स्वतःहून देत असेल तर त्या विक्रेत्याचं नाव लिहून ठेवा. हा आकडा लपवण्यासारखं ज्याच्याकडे काही नाही तोच देतो.

नावावर जाऊ नका, हे सांगताना एक जुनी गंमत आठवते. नवव्या ते अकराव्या शतकातल्या युरोपात ‘उल्फबेर्ट’ हे नाव पात्यात जडवलेल्या तलवारींना मोठा मान होता. अशा दीडशेहून जास्त तलवारी आज सापडलेल्या आहेत. धातुतज्ज्ञ ॲलन विल्यम्स यांनी त्यांतल्या अनेक तपासल्या. दिसलं असं, की एका विशिष्ट पद्धतीने लिहिलेल्या नावाच्या पात्यांत बरीच उत्तम, भरपूर कार्बनवाल्या पोलादाची, आणि ज्यांच्यावर नावातला शेवटचा क्रूस, म्हणजे + असं चिन्ह, एका अक्षराने सरकलाय त्यांत बरीच साधी, कमअस्सल. म्हणजे ब्रँडची नक्कल हजार वर्षांपूर्वीही चालायची, आणि तेव्हाचा घेणारा तर बहुधा वाचूही शकत नव्हता.

पैसे कुठे घालायचे

हातात जी रक्कम आहे ती सगळी तलवारीवर लावू नका. पाव भाग बाजूला ठेवा: तेल, फडकी, धार लावायचा दगड, कापायचं सामान आणि ते उभं करायचं स्टँड, पाठवणीचा खर्च. तलवार घेऊन आलो आणि कापायला काही नाही, मग झाडाच्या फांदीवर हात साफ केला, अशा गोष्टी कायम कानावर येतात. वाळलेली फांदी चांगल्या पात्यालाही वाकवते.

उरलेल्या पैशांत पातं साधं पण खरं घ्या आणि साज सोडून द्या. सरळ आडव्या पट्टीचा गार्ड असलेली तलवार बनवायला सोपी, म्हणून त्याच किमतीत तिचं पातं चांगलं मिळतं. पिंजऱ्यासारख्या मुठी, रेपियरच्या (भोसकायच्या लांब, अरुंद युरोपीय तलवारीच्या) मुठीवरच्या कड्या, कोरीवकाम, हे सगळं पैसे खातं. रेपियर तर कमी बजेटमध्ये घेऊच नये असं माझं मत. लांब, अरुंद आणि तरी न लपलपणारं पातं ही अवघड गोष्ट आहे. म्यान साधं लाकडी चालतं. मुठीवरचा दोरा किंवा चामडं नंतर स्वतः बदलता येतं. पात्याला पाणी नंतर देता येत नाही.

वापरलेली तलवार घ्यायला हरकत नाही, विकणारा मूठ आणि धार यांचे जवळून काढलेले फोटो देत असेल तर. धारेवरच्या बारीक खाचा घासून जातात. पात्यावरची आडवी, केसासारखी रेघ मात्र तडा असू शकते. तिथे घासाघीस करत बसू नका, सरळ नाही म्हणा. आणि मागवण्याआधी आपण राहतो तिथला कायदा वाचा. काही ठिकाणी घरी ठेवणं चालतं पण बाहेर नेणं नाही, काही ठिकाणी धारदार आणि बोथट यांचे नियम वेगळे, काही ठिकाणी परवाना लागतो. सीमाशुल्कात अडकलेली तलवार सगळ्यात महाग.

हातात आल्यावर

पहिल्या दिवशी काही कापू नका. टोक डोळ्यांसमोरून लांब, पातं नाकाच्या रेषेत धरून मुठीकडून टोकाकडे पाहा. वाक असेल तर दिसतो. मूठ सैलसर धरा आणि दुसऱ्या हाताने पॉमेलवर हलकी थाप मारा. पातं थरथरेल, ते ठीक. पण खडखड, किणकिण, मुठीतून काही सुटल्यासारखा आवाज येता कामा नये. आडवा गार्ड अंगठ्याने ढकलून पाहा. गुडघ्यावर धरून पातं कमान करण्याचा प्रकार मात्र करू नका. हळूहळू थोडं वाकवून ते परत सरळ येतं का एवढं पाहणं वेगळं, आणि व्हिडिओसाठी नव्वद अंश वाकवणं वेगळं. कतानाला तर हळूहळू वाकवणंही नको.

रिकाम्या जागी शंभर-दोनशे हात फिरवा, संथ. मग पुन्हा तीच थाप. आवाज बदलला असेल तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत कळवा.

कापायला उभं राहताना लक्ष्याच्या मागे आणि तुमच्या दोन्ही बाजूंना कुणी नको. माझं पातं सात-आठ पावलं उडालं होतं, त्यावरून अंतर ठरवा. पाय असे ठेवा की वार हुकला तर पातं जमिनीकडे जाईल, गुडघ्याकडे नाही. बाटली पातळ प्लास्टिकची, पाण्याने काठोकाठ भरलेली घ्या. वार बरोबर बसला की बाटलीचा खालचा भाग जागेवरच उभा राहतो आणि पाणी सावकाश ओघळतं. बाटली उडून गेली तर धार तिरकी होती. यापेक्षा प्रामाणिक शिक्षक मला अजून भेटलेला नाही.

नंतर पातं पुसून, कोरडं करून खनिज तेलाचा पातळ हात द्या. कार्बन पोलादावर बोटाचा ठसासुद्धा गंजून उमटतो. पात्याला हात लावला की पुसायचंच. चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

आता माझ्याकडे आहे ती दुसरी तलवार ९२६० ची. मूठ काळी, साधी, नक्षी नावाला नाही. पात्यावर मुठीपासून वीतभर अंतरावर एक ओरखडा आहे, पहिल्याच आठवड्यात बाटली ठेवायच्या लाकडी स्टँडवर आदळल्याचा. पातं वाकलं आणि परत आलं, स्टँडचा कोपरा गेला. जुनी तुटकी मूठ मी टाकली नाही. तलवार घ्यायची म्हणून कुणी सल्ला विचारायला आलं की ती आधी त्यांच्या हातात देतो, उघडी बाजू वर करून.